फुलावर आलेली कोथिंबीर

कोथिंबिरीच्या जुडीत फुलाची एखादी काडी दिसली की गिऱ्हाईक जुडी परत ठेवते. ‘जून झालीय’ एवढे म्हटले की भाव निम्म्यावर येतो. त्यामुळे नारायणगाव, नाशिकच्या बाजारासाठी कोथिंबीर करणारा शेतकरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या आत ती उपटतोच. भाव पडलेले असले तर उभ्या पिकात रोटर फिरवतो. पन्नास-साठ दिवसांनी येणारा तिचा फुलोरा बघायला रानात कोणी थांबत नाही. मधमाशी मात्र त्या फुलोऱ्याचीच वाट बघत असते.

जुन्नरकडे एका ओळखीच्या शेतात विहिरीजवळ घरच्या धन्यासाठी गुंठाभर कोथिंबीर राखलेली होती. जानेवारीतल्या सकाळी दहाच्या सुमारास भिंग घेऊन मी तिथे बसलो. दव वाळले आणि पंधरा मिनिटांत सगळे रान गुणगुणायला लागले. लहानखुऱ्या फुलोरी माश्या, सातेरी आणि मधूनच एखादी आग्या माशी. त्यांच्यात पिवळे-काळे पट्टे मिरवणारी, हवेत जागच्या जागी थांबणारी सिरफिड माशीही होती. दिसायला ती मधमाशीच्या जवळची, पण तिला नांगी नसते.

कोथिंबिरीचे एकेक फूल दोन-चार मिलिमीटरचे, पांढरे किंवा फिकट गुलाबी. एकेकटे ते कोणाच्या नजरेत भरणार नाही. म्हणून झाड छत्री उघडते. एका देठातून पाच-सहा काड्या फुटतात, प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा बारीक काड्यांची छोटी छत्री, आणि त्या प्रत्येक काडीवर एक फूल. कडेच्या फुलांची बाहेरच्या अंगाची पाकळी मुद्दाम मोठी असते, आतली फुले आखूड पाकळ्यांची. त्यामुळे दुरून बघणाऱ्या माशीला तो सगळा झुबका मिळून एकच मोठे फूल वाटते.

भिंगातून बघितले तर फुलाच्या मधोमध दोन फुगीर गाद्या दिसतात, ओलसर, चकाकणाऱ्या. मकरंद तिथे पाझरतो. तो नळीत दडवलेला नाही, उघड्यावर ठेवलेला आहे. तुळशीच्या किंवा सब्जाच्या फुलात माशीला तोंड खुपसावे लागते. इथे ज्याची जीभ आखूड, त्यालाही मकरंद सहज चाटता येतो. म्हणून कोथिंबिरीवर मधमाश्यांच्या बरोबरीने इतर माश्या, गांधिलमाश्या, ढालकिडे, सगळी मंडळी येतात.

फुलाची आणखी एक गंमत आहे. त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, पण ते एका वेळी जागे होत नाहीत. आधी आत वळलेले पाच पुंकेसर एकामागून एक सरळ होतात आणि पराग सांडतात. ते गळल्यावर मग मधल्या दोन कुक्षीवृंतांची लांबी वाढते, ते फाकतात आणि पराग घ्यायला तयार होतात. एका छत्रीतली फुले बहुतेक बरोबरीनेच या अवस्थांतून जातात. म्हणजे या छत्रीला पराग हवा असतो तेव्हा तो बहुधा दुसऱ्या छत्रीतून किंवा शेजारच्या झाडावरून यावा लागतो, आणि तो आणणार कोण, तर पायाला पराग माखून फिरणारी माशी. ज्याला आपण धना म्हणतो ते बी नसून फळ आहे, दोन बियांचे. पेरायच्या आधी धने रगडून फोडतात ते त्यासाठीच. माश्यांची ये-जा चांगली असली की छत्रीत पोकळ जागा कमी राहतात आणि धने भरतात.

हे मोठ्या प्रमाणावर बघायचे तर राजस्थानातल्या हाडोतीत जावे, कोटा, बारां, झालावाड या पट्ट्यात. रामगंजमंडी ही देशातली धन्याची नावाजलेली बाजारपेठ तिथलीच. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरलेला धना जानेवारीत फुलतो. मोहरीचा बहर ओसरू लागला की मधपाळ इटालियन माशीच्या पेट्या रातोरात ट्रकमध्ये भरून धन्याच्या शेतांकडे वळवतात. धन्याच्या मधाला मसाल्याचा हलका वास असतो. बल्गेरिया, रशियाकडेही हा मध नावाने ओळखला जातो.

आपल्याकडे मात्र कोथिंबीर पानासाठी आणि मधमाशी जंगलासाठी, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. मला ती चुकीची वाटते. कांद्याचे बी धरणाऱ्यांना तर ती महाग पडते. डोंगळे फुलले, पण माशी फिरकली नाही, ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते आणि माशीला तो फारसा रुचत नाही. म्हणून बीजोत्पादनाच्या प्लॉटभोवती मोहरी, बडीशेप, कोथिंबीर लावून माश्यांना शिवारात आणण्याचा सल्ला दिला जातो.

मध नको असेल, तरी या फुलांचा शेताला उपयोग आहेच. सिरफिड माशी कोथिंबिरीवर मकरंद चाटते, पराग खाते आणि अंडी घालते ती जवळपासच्या माव्यात. तिची हिरवट, बिनपायांची अळी वाढता वाढता शेकडो मावा फस्त करते. वांगी, कोबी, हरभऱ्याच्या कडेने कोथिंबिरीच्या ओळी घेतात त्यामागे हेच कारण आहे.

घात होतो तो इथेच. ढगाळ हवा पडली की फुलातल्या कोथिंबिरीवरही मावा येतो आणि सकाळी दहाला पंप पाठीवर चढतो, नेमका माश्यांच्या गर्दीच्या वेळी. औषध माव्यावर पडते तसे मावा खाणाऱ्या अळीवर आणि मधमाशीवरही पडते. फुलोऱ्यात फवारणी टाळलेली उत्तम. अगदीच करावी लागली तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर करा, आणि आसपास कोणाच्या मधपेट्या असतील तर त्याला आदल्या दिवशी कळवा.

शेतकऱ्यांना माझी विनंती एवढीच, की काढणीच्या वेळी बांधालगतच्या दोन ओळी उपटू नका, त्या फुलू द्या. शहरात राहणाऱ्यांनी थंडीत मूठभर अख्खे धने लाटण्याने फोडून, रात्रभर भिजवून एका कुंडीत टाकावेत आणि त्या कुंडीतली कोथिंबीर आमटीसाठी खुडू नये. दोनेक महिन्यांत ती फुलावर येईल. फुलोरी माशी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतही येते.