जुन्या एमजीबीतून ‘ठक्क’ आवाज येतोय? आधी चाके तपासा

क्लच सोडला की मागून ‘ठक्क’. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की पुन्हा ‘ठक्क’. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हा आवाज नवा नाही. संशय लगेच डिफरन्शियलवर जातो. पण ते खोलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

आवाज का होतो?
सांधे झिजले की त्यांत मोकळी जागा तयार होते. ओढ उलटसुलट झाली की धातूवर धातू आपटतो.

तपासणी कशी करायची?
पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, मागची बाजू स्टँडवर घ्यावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा.

१. तारांच्या स्पोकचे मागचे चाक पुढे-मागे फिरवून पाहावे. हब स्थिर राहून चाक हलले, तर दोघांना जोडणारे दाते झिजले आहेत.

२. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस दोन्ही बाजूंनी धरून उलटसुलट पिळावा. ढिलेपणा किंवा लालसर गंजाची भुकटी ही झिजेची खूण.

३. शेवटी डिफरन्शियलजवळ शाफ्ट फिरवून पाहावा. थोडा प्ले असतोच. जास्त असेल तर आतले थ्रस्ट वॉशर झिजलेले असू शकतात.

धोका कुठे?
मागचा ब्रेक हबला थांबवतो, चाकाला नाही. दाते पूर्ण झिजले तर त्या चाकाला ना ओढ मिळते, ना ब्रेक. म्हणून चाक बदलताना हबही तपासावा. झिजलेला हब नवे चाकही लवकर खातो.