माक्स प्लांक : नाइलाजाने झालेला क्रांतिकारक

माक्स प्लांक (१८५८–१९४७) यांचा जन्म कील या बंदराच्या शहरातला. म्युनिकमध्ये शिकताना फिलिप फॉन योली या प्राध्यापकांनी त्यांना भौतिकशास्त्राच्या वाटेला न जाण्याचा सल्ला दिला. या शास्त्रात शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही, असे त्यांचे मत होते. प्लांक यांचीही अपेक्षा माफकच होती : जे आहे ते नीट समजून घ्यावे. ऊष्मागतिकी हा त्यांचा आवडता विषय आणि १८८९ पासून बर्लिन ही कर्मभूमी.

तिथे हाती घेतलेला प्रश्न दिसायला साधा होता. लोखंड तापत जाते तसे आधी लाल, मग पिवळे, शेवटी पांढरे दिसते. कोणत्या तापमानाला कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती बाहेर पडतो, याचे सूत्र हवे होते. शार्लोटेनबुर्गच्या सरकारी मापनसंस्थेत बारीक छिद्राची पोकळी तापवून त्यातून येणारे प्रारण मोजले जात होते. विल्हेल्म वीन यांचे १८९६ चे सूत्र लहान तरंगलांबीला चपखल बसे. लांब अवरक्त तरंगांना मात्र ते लागू पडेना. ७ ऑक्टोबर १९०० रोजी ही मोजमापे करणारे हाइनरिश रुबेन्स प्लांक यांच्या घरी आले असता त्यांनी ही विसंगती सांगितली. त्याच संध्याकाळी प्लांक यांनी मोजमापांशी जुळणारे नवे सूत्र बसवले.

सूत्र जुळले, पण का जुळले? उत्तर शोधताना त्यांना लुडविग बोल्ट्समान यांची सांख्यिकीय पद्धत पत्करावी लागली. तिच्याकडे ते आजवर संशयानेच पाहत आले होते. १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी मांडले की पोकळीच्या भिंतींतील कंपकांची ऊर्जा सलग नसते, ती ठरावीक पुंजांत विभागलेली असते. पुंजाची ऊर्जा म्हणजे वारंवारिता गुणिले एक स्थिरांक. त्याची किंमत त्यांनी ६.५५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद काढली, आजच्या ६.६२६ पासून ती फक्त एक टक्क्याच्या आसपास दूर आहे. ऊर्जा अशी पुंजांत विभागणे हेच खरे त्यांचे धाडस. पुढे त्यांनीच त्याला अगतिकतेतून केलेली कृती म्हटले.

त्यानंतर कित्येक वर्षे ते हे पुंज जुन्या भौतिकशास्त्रात बसवू पाहत होते. प्रकाशच पुंजांचा असतो, हे अल्बर्ट आइनस्टाइन यांचे १९०५ चे म्हणणे त्यांना अतिरेकी वाटले. १९१३ मध्ये प्रशियन अकादमीसाठी आइनस्टाइन यांची शिफारस करताना प्लांक व सहकाऱ्यांनी ही त्यांची चूक पोटात घालण्याजोगी ठरवली! प्लांक यांना १९१८ चे नोबेल मिळाले, तरी त्यांच्या मांडणीत जुन्या विद्युतगतिकीचा एक टेकू राहिलाच होता. तो १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी काढून टाकला.