सेतूच्या वाळूतला झिरा

काशीचे गंगोदक रामेश्वरास वाहावे आणि सेतूची वाळू प्रयागी गंगेत सोडावी, तेव्हाच काशीयात्रा पुरी झाली, असे आपले वाडवडील सांगत आले. त्या नेमाने तीन वर्षांपूर्वीच्या माघात आम्ही सहकुटुंब रामेश्वरी गेलो. अभिषेकापूर्वी वाळू घ्यावी म्हणून धनुष्कोडीस निघालो. झाळलेली गंगाजळी काशीपासून हातावेगळी केली नव्हती. ती याही वेळी जवळच होती.

पांबन बेटाचे हे पूर्वेकडील टोक. एका बाजूस महोदधी, दुसऱ्या बाजूस रत्नाकर आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात येथील नांदते गाव एका रात्रीत समुद्राने नेले. आगगाडीही उतारूंसह गेली. २०१७ पासून टोकापर्यंत पक्की सडक आहे. परंतु सडक सोडून थोडे चालले की पडक्या भिंती, कोळ्यांच्या झोपड्या आणि लाटांचा घोष एवढेच उरते. श्रीरामप्रभूंची पावले लागलेली ही भूमी, या भावनेने आम्ही किती चाललो, याचे भान राहिले नाही.

परतताना ऊन तापले. जवळचे पाणी संपले होते. आमच्या कुटुंबास भोवळ आली आणि त्या वाळूतच बसल्या. ओठ कोरडे पडलेले. चहूंकडे पाणी, पण थेंब पिण्याजोगा नाही. पिण्याजोगे होते ते आमच्या हातात! वाचकहो, खरे सांगतो, झाळण फोडण्यास आमचा हात उठेना.

तेवढ्यात झोपडीतून एक वृद्ध कोळीण आली. तिची तमिळ आम्हांस कळेना. तिने आपल्याकडे नदीपात्रात झिरा उकरतात तशी वाळू हातांनी उकरली. हात-दीड हातावर पाणी पाझरले. ते तिने करवंटीत घेऊन हिच्या ओठांस लावले. आम्हीही प्यालो. समुद्रापासून शंभर पावलांवरचे ते पाणी गोड होते! पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर राहते. अधिक खोल खणले तर मात्र खारे लागते, असे मागाहून कळले.

श्रीएकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवास पाजले, ही कथा आम्ही चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. सांगताना मनाने नेहमी नाथांच्या जागी उभे राहिलो. त्या दिवशी नाथांचे काम त्या निरक्षर माउलीने केले. आमच्या वाट्यास गाढवाची जागा आली, आणि तीही तिच्या कृपेने.

दुसऱ्या दिवशी अभिषेक झाला. पुढे वाळूही प्रयागी सोडली. चिमूटभर तेवढी देवघरात ठेवली आहे. आज नाथषष्ठी. सायंकाळी हीच कथा सांगावयाची आहे. निघण्यापूर्वी त्या वाळूस नमस्कार करू, आणि मग वीणा हाती घेऊ.