दहावीचा भूगोल शिका, अकोला-अमरावती पाहून!

पुण्या-कोल्हापुरात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा होते, तेव्हा वऱ्हाडातली पोरं अजून घरीच असतात. विदर्भाच्या शाळा उशिरा उघडतात, कारण आपला उन्हाळा लवकर हटत नाही. शाळेचं वेळापत्रक ठरवणारा हा भूगोल दहावीला 40 गुणांच्या लेखी परीक्षेत येतो, वेळ 2 तास. पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांचं असलं, तरी त्यातल्या बहुतेक धड्यांची उदाहरणं आपल्या दोन जिल्ह्यांत सापडतात. ही घ्या त्यातली खास.

14 गुण, पाठांतराविना

गेल्या काही वर्षांच्या आराखड्यात नकाशाला 8 आणि आलेखाला 6 गुण आहेत. म्हणजे 40 पैकी 14 गुण पेन्सिल, पट्टी आणि नीट पाहणारी नजर यांचे. कोरे नकाशे आणा आणि रोज एक भरा. भारताच्या नकाशाइतकाच ब्राझीलचाही सराव हवा: ॲमेझॉन नदी, माराजो बेट, पिको दी नेब्लिना शिखर डोळे मिटून दाखवता आलं पाहिजे. नकाशात सूची आणि आलेखात शीर्षक व प्रमाण विसरलात, तर हातातले गुण जातात.

अमरावतीची दुपार 3 मिनिटं आधी

भारताची प्रमाणवेळ 82° 30′ पूर्व रेखावृत्तावरची. अकोला साधारण 77° पूर्वेला. फरक साडेपाच अंशांचा, दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे अकोल्याची स्थानिक वेळ घड्याळाच्या 22 मिनिटं मागे. अमरावती साधारण 77° 45′ वर, म्हणून ती 19 मिनिटं मागे. दोन्ही शहरांची घड्याळं सारखीच चालतात, पण सूर्य माथ्याकडं अमरावतीत 3 मिनिटं आधी येतो. हेच गणित ब्राझीललाही चालतं. ब्राझिलियाची प्रमाणवेळ 45° पश्चिम रेखावृत्तावरची. फरक 82° 30′ अधिक 45°, म्हणजे 127° 30′, आणि वेळेचा फरक बरोबर साडेआठ तास. एकदा स्वतः सोडवा, पुन्हा पाठ करायची गरज नाही.

सावली गायब होण्याचा दिवस

आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. अकोला-अमरावतीत पहिली वेळ 23 ते 25 मेच्या सुमारास, दुपारी 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपास. अंगणात काठी सरळ उभी करा आणि पाहा, सावली बुंध्यातच. दुसरी वेळ जुलैत येते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. आणि त्याच मे महिन्यात दक्षिण ब्राझील हिवाळ्याकडं निघालेलं असतं. ‘दोन्ही देशांतले ऋतू उलटे का?’ याचं उत्तर त्या काठीपाशीच मिळतं.

शेजारी उगम, समुद्र वेगळे

मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातलं मुलताई नकाशात शोधा. तापी आणि वर्धा या दोन्ही नद्या या परिसरात उगम पावतात. तापी अरबी समुद्राला मिळते. वर्धा अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून खाली उतरते आणि तिचं पाणी गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जातं. या दोन खोऱ्यांना वेगळं करणाऱ्या उंच भागालाच जलविभाजक म्हणतात. अमरावती शहराला पिण्याचं पाणी मिळतं ते मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून, पण शहरात पडलेला पाऊस पेढी नदीवाटे पूर्णेला आणि पुढं तापीला जातो. नळाचं पाणी एका खोऱ्यातलं, नाल्याचं दुसऱ्या खोऱ्यातलं! जलप्रणालीच्या उत्तरात असं उदाहरण आलं, की परीक्षकाला कळतं, पोराला विषय समजला आहे.

खडक एकच, माती निराळी

आपली काळी कसदार माती दख्खनच्या लाव्हारसातून, म्हणजे बेसाल्ट खडकातून तयार झाली. दक्षिण ब्राझीलमध्ये पाराना नदीच्या खोऱ्यातही बेसाल्टच आहे, पण तिथली माती जांभळट लाल. तिथं ओलावा जास्त, त्यामुळे खडकातले क्षार धुऊन गेले आणि लोहाचा रंग उरला. आपल्याकडं पाऊस बेताचा, म्हणून चिकण माती टिकली. ती पाणी धरून ठेवते, म्हणून इथं कापूस पिकतो. त्या लाल मातीनं ब्राझीलची कॉफी वाढवली.

कॉफी आपल्याकडंही

ब्राझील कॉफी उत्पादनात जगात पहिला. आणि विदर्भात कॉफी पिकवणारं ठिकाण म्हणजे चिखलदरा. काहून? उंची! अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटर, चिखलदरा सुमारे 1,100 मीटर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान घटतं, या हिशेबानं चिखलदरा 5 अंशांहून अधिक थंड. ढग गाविलगडच्या डोंगरांना अडतात, म्हणून पाऊसही अकोल्याच्या जवळपास दुप्पट. एका सहलीत तापमान, उंची आणि प्रतिरोध पाऊस, असे तीन मुद्दे पदरात.

पानं गाळणारं जंगल

व्याघ्र प्रकल्पाच्या अगदी पहिल्या 9 क्षेत्रांत मेळघाट होता. इथला साग उन्हाळ्यात पानं गाळतो, कारण पानं ठेवली तर बाष्पीभवनानं पाणी जातं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस जवळपास वर्षभर, म्हणून तिथलं जंगल सदाहरित. ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नाला हा मुद्दा सोन्यासारखा.

नदी जवळ, विहीर खारी

पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे खारपाणपट्टा. गाळाच्या जाड थरांत क्षार साठलेले आणि निचरा कमी, म्हणून इथलं भूजल खारट. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना वान धरणाचं गोडं पाणी नळानं आणावं लागलं. गाव कुठं वसतं आणि कशावर जगतं, हा मानवी वस्तीचा धडा या पट्ट्यात फिरून कळतो.

105 तासांत 75 किलोमीटर

जून 2022 मध्ये राष्ट्रीय महामार्ग 53 वर अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत, लोणी ते माना या भागात, 75 किलोमीटरचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या दोहातला, सुमारे 25 किलोमीटरचा. वाहतुकीच्या धड्यातलं हे उदाहरण आपल्या एसटीच्या खिडकीतून दिसतं.

कापसासाठी रेल्वे

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ खासगी कंपनीनं बांधली ती वऱ्हाडचा कापूस मुख्य रेल्वेपर्यंत आणि तिथून मुंबई बंदरापर्यंत नेण्यासाठी. पीक, रेल्वे, बंदर ही साखळी लक्षात ठेवा. ब्राझीलमध्ये मात्र रेल्वेपेक्षा रस्त्यांचा वाटा मोठा, आणि ॲमेझॉनच्या घनदाट खोऱ्यात तर नदी हाच मार्ग.

आता कामाला लागा

पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. तो वाचून सोडू नका. रविवारी गावच्या बाजारात किंवा जवळच्या धरणावर जा, आधी प्रश्नावली तयार करा, उत्तरं वहीत टिपा. प्रत्येक धड्याचं एक पान करा: डाव्या बाजूला भारत, उजव्या बाजूला ब्राझील, खाली आपल्या तालुक्यातलं एक उदाहरण. कारणं लिहिताना घटनेपासून सुरुवात करा आणि खडक, उंची, पाऊस, माती, माणूस या क्रमानं कारण शोधा. शेवटच्या महिन्यात जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

आणि पालकांना एक विनंती: पोरगं रस्त्यात ‘काहून?’ विचारेल, तेव्हा थांबा आणि दोघं मिळून उत्तर शोधा. भूगोलाचे गुण तिथंच वाढतात.