थंडी आणि आपले शरीर

रत्नागिरीला थंडी ती कसली, असे आपण सहज म्हणून जातो. समुद्र जवळ असल्यामुळे येथे पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. पण त्यामुळेच आपल्या घरांत थंडीची तयारी नसते, आणि पहाटेचा गारठा बाधतो तो म्हाताऱ्या माणसांना व तान्ह्या बाळांना.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. ही ऊब शरीर अन्नातून व हालचालीतून स्वतः तयार करते. पांघरूण ती फक्त राखते. आजीची गोधडी ऊबदार का? जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा अडकते आणि ती उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. डोके व कान झाकावेत. ओला कपडा अंगावर वाळू देऊ नये. गरम पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी पोटभर घ्यावी.

दारूने ऊब येते हा निव्वळ भ्रम आहे. तिने रक्त कातडीकडे धावते, अंग गरम वाटते. पण आतली उष्णता बाहेर निघून जाते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो.

वृद्ध माणूस गार पडला, बोलताना अडखळू लागला, तर झोप आली असे समजू नये. कोरडे पांघरूण घालून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. आपली थंडी थोडी असली, तरी घरातल्या थकल्या जिवाला ती थोडी नसते.