मॉडेल जेटचे पाय

कलाशाखेच्या वार्षिकात खेळण्यातल्या विमानावर लेख कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, हे खेळणे म्हणजे नुसते खेळणे नव्हे. हवाई दलाचे ‘सूर्यकिरण’ पथक आज ज्या ‘हॉक’ विमानांतून कसरती करते, त्याच विमानाची दोन-अडीच मीटर लांबीची प्रतिकृती शौकीन मंडळी जमिनीवर उभे राहून रेडिओच्या साह्याने उडवतात. तिच्या पोटात रॉकेलजातीच्या इंधनावर चालणारे खरेखुरे छोटे टर्बाइन असते. वजन बारा-पंधरा किलो, किंमत लाखांत. आणि एवढ्या खर्चाचा हा पक्षी बहुधा मोडतो तो उतरताना, पायांपाशी.

खऱ्या विमानाप्रमाणेच हे पाय उड्डाणानंतर आत घेतले जातात. ‘हॉक’चे मागचे दोन पाय आतल्या बाजूस वळून पंखात शिरतात. म्हणजे पाय पंखाला घट्ट जखडलेला नसून बिजागरीवर उभा असतो, आणि ती बिजागरी चार स्क्रूंनी लाकडी पट्ट्यांवर बसवलेली असते. पाय मोडला की नवशिक्या अधिक जाड पाय आणतो. पुढच्या वेळी पाय शाबूत राहतो आणि पंखाचा तुकडा घेऊन बाहेर येतो! जोर नाहीसा होत नाही, तो फक्त पुढच्या दुबळ्या जागी जातो.

थोडे गणित करू. (घाबरण्याचे कारण नाही, सातवीच्या पुस्तकातली तरफ आठवली तरी पुरे.) पायाची लांबी २० सेंटिमीटर. गवतात चाक अडकून त्याला मागे १० किलोची ओढ बसली. बिजागरीच्या पुढच्या व मागच्या स्क्रूंत अंतर ४ सेंटिमीटर. वीसला चाराने भागले की पाच. तेव्हा पुढच्या दोन स्क्रूंवर मिळून ५० किलोचा ताण येतो, आणि तोही त्यांना लाकडातून उपटून काढण्याच्या दिशेने. साध्या लाकडी स्क्रूने असे किती वेळा सोसावे?

म्हणून बळकटीचे काम वरून, म्हणजे बैठकीपासून सुरू करावे. लाकडी स्क्रू काढून तेथे मशीन स्क्रू घालावे आणि त्यांचे पोलादी नट पट्टीच्या मागच्या अंगाला बसवावे; मग ओढ लाकडाच्या चार तंतूंवर न पडता सबंध पट्टीवर पडते. पट्टी कठीण लाकडाची हवी, आणि तिची दोन्ही टोके प्लायवूडच्या बरगड्यांत शिरून पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत पोचलेली हवीत. बरगड्यांवर कार्बन तंतूंचे पातळ कापड तिरपे, पंचेचाळीस अंशांत, इपॉक्सीने चिकटवावे, कारण पिळवटणारा जोर तिरपाच धावतो. इपॉक्सी सावकाश घट्ट होणारे घ्यावे. पाच मिनिटांचे इपॉक्सी घाईच्या माणसाला आवडते, पण ते या जागेचे नव्हे. फायबरग्लासचा चकचकीत पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासून निस्तेज करावा. इंधनात तेल मिसळलेले असते. ते लाकडात मुरले असेल तर कोणताही गोंद धरणार नाही, तेवढे लाकूड कापून टाकणेच बरे.

दुसरी गोष्ट लवचीकपणाची. सेकंदाला १ मीटर वेगाने खाली येणारे विमान जमिनीला टेकणे म्हणजे ते ५ सेंटिमीटर उंचीवरून सोडून देण्यासारखेच आहे. पायातील स्प्रिंग १ सेंटिमीटर दबली तर सरासरी धक्का वजनाच्या सहापट बसतो. अडीच सेंटिमीटर दबली तर तिपटीवर येतो. हा फायदा कितीही कार्बन चिकटवून मिळत नाही. माझ्या मते चांगल्या स्प्रिंगवरचा खर्च आधी करावा, कापडावरचा नंतर. शिवाय प्रत्येक ग्रॅम वाढला की विमान अधिक वेगाने उतरवावे लागते आणि धक्का पुन्हा वाढतो, हे निराळेच.

आणि एवढे सारे करूनही एक जागा मुद्दाम दुबळी ठेवावी लागते. पाय ज्या पोलादी खुंटीने बिजागरीत अडकवतात, ती खुंटी वाकणारी असावी. पायाने खड्डा गाठलाच तर खुंटी वाकेल. ती थोड्या पैशांत बदलता येते. फार कडक खुंटी घातली तर बिजागरीचे अ‍ॅल्युमिनियमचे घर फुटते, नाहीतर पंख.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘मेसरश्मिट १०९’ विमानाचे पाय पंखाला नसून धडाजवळ जोडलेले होते. त्यामुळे पंख काढले तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभे राही. पण दोन चाकांतील अंतर कमी झाल्याने ते जमिनीवर चालवणे वैमानिकांना जड जाई. प्रतिकृती करणाऱ्याला असली निवड नसते. ‘हॉक’चे पाय पंखात, म्हणजे पंखातच.

पाय कोसळून टर्बाइन तापलेले असताना विमान पोटावर घसरले आणि उरलेले इंधन सांडले, तर सुके गवत पेटायला वेळ लागत नाही. मैदानावर आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवतात ते यासाठीच. तेव्हा जड उतरणीनंतर पुन्हा उड्डाण करण्यापूर्वी पाय हाताने पुढे-मागे दाबून पाहावा. कट्‌ असा बारीक आवाज आला किंवा पट्टीच्या कडेला इपॉक्सीत पांढरी रेघ दिसली, तर त्या दिवशी विमान गाडीत ठेवावे आणि घरी जाऊन झाकण उघडावे.