ताप कितव्या दिवसाचा?

पाऊस जरा उघडला की वसई-विरारमधल्या दवाखान्यांत तापाचे पेशंट वाढू लागतात. घरोघरी पाण्याचे ड्रम भरलेले असतात, आणि डेंग्यू पसरवणारी एडिसची मादी अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालते. अंगात ताप असलेल्या नोकरदाराला डॉक्टरांकडून एवढंच हवं असतं: उद्या विरार लोकल पकडायची की नाही?

उत्तर बोटभर प्लास्टिकच्या किटमध्ये मिळू शकतं. आत नायट्रोसेल्युलोजची पट्टी असते. डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन उतरतं. पट्टीवरच्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. ती रक्ताच्या थेंबातलं हे प्रथिन धरतात आणि ओलाव्याबरोबर पुढे सरकतात. वाटेत दुसऱ्या प्रतिपिंडांची आडवी ओळ त्यांना अडवते. कण तिथे साचले की लाल रेघ उमटते. हो, लालच, कारण इतक्या बारीक कणांत सोन्याचा रंगच बदलतो. शेजारची दुसरी रेघ फक्त किट नीट चाललं की नाही ते सांगते. यंत्र नको, वीज नको. पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

करोनात हेच तंत्र घरात शिरलं. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ किटला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे २०२१मध्ये मंजुरी दिली. तेव्हाची किंमत २५० रुपये, स्वॅब स्वतःच घ्यायचा.

पण रेघ उमटली नाही म्हणजे आजार नाही, असं मानणं धोक्याचं. २०२०मध्ये आयसीएमआरने तपासलेल्या पहिल्या करोना अँटिजेन किटची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के निघाली होती. म्हणजे शंभर बाधितांपैकी सोळा ते एकोणपन्नास जण निसटू शकत होते. म्हणून लक्षणं असूनही निगेटिव्ह आलेल्यांची प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर चाचणी करायची, असा नियम झाला.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ हे पट्टी आणि आरटी-पीसीआर या दोन टोकांच्या मधलं. बॅटरीवर चालणारं हे छोटं यंत्र चिपवर विषाणूच्या जनुकाच्या प्रती वाढवतं आणि तासाभरात निकाल देतं. जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागाला ते सोयीचं, पण पट्टीइतकं स्वस्त नाही.

डेंग्यूत मात्र ताप कितव्या दिवसाचा याला फार महत्त्व आहे. एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांत नीट सापडतं, पुढे आयजीएम प्रतिपिंडं शोधावी लागतात. सरकारी कार्यक्रमात पक्कं निदान प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीचंच धरतात. तिचे आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून येतात. त्यामुळे पट्टीवर रक्ताचा थेंब टाकण्याआधी केसपेपरवर एक तारीख लिहायलाच हवी: ताप कधी सुरू झाला.